आले आणि आबुंग

रविवारी सकाळी सात वाजता मी शाळेच्या पटांगणात उभा होतो. जवळ दोन फावडी, एक कुदळ, चार घमेली आणि आदल्या दिवशी धारणीहून आणलेली सिमेंटची दोन पोती. पावसाळ्यात शाळेची मागची भिंत कोसळली होती. गावाने श्रमदान करून ती उभी करायची, असं शुक्रवारच्या पालकसभेत ठरलं होतं. निदान माझी तशी समजूत होती. साडेआठपर्यंत वाट पाहिली. समोरासमोरच्या दोन ओळींतल्या घरांतून धूर निघत होता, माणसं अंगणात दिसत होती, दोघांनी लांबूनच हात वर करून रामराम केला. आलं कुणीच नाही.

मेळघाटातलं माझं ते तिसरं वर्ष. २००६ साली शिक्षणसेवक म्हणून महिना तीन हजारांवर चिखलदऱ्याच्या पुढे एका द्विशिक्षकी शाळेत रुजू झालो, तेव्हा सोलापूरकडच्या माणदेशातून इथपर्यंत यायला मला दोन दिवस लागले होते. शुक्रवारच्या सभेत मी पहिल्यांदाच भर गावासमोर कोरकूत बोललो होतो. आठवडाभर वाक्यं घोकली होती. सभा संपल्यावर लोक हसून उठले, त्यामुळे सगळं जमलं असं वाटलं. म्हणून रविवारचा राग दुप्पट होता. ‘यांच्यासाठी भाषा शिकलो, तरी यांना शाळेचं काही पडलेलं नाही’ हे वाक्य मी त्या दिवशी सहकारी गुरुजींसमोर तीनदा तरी म्हटलं असेल.

सोमवारी परिपाठ झाल्यावर चौथीतली एक मुलगी टेबलापाशी घुटमळली. तिच्या हिंदी-मराठी मिसळीत हळूच म्हणाली, “गुरुजी, तुम्ही ‘आले’ म्हणालात. ‘आबुंग’ नाही म्हणालात.”

मला काही कळेना. मग तिने शेजारच्या दोघी मैत्रिणींचे हात धरले आणि माझ्याकडे पाठ करून म्हणाली, “आले.” माझ्याकडे वळली, हात पसरून आम्हा चौघांना कवेत घेतल्यासारखं केलं आणि म्हणाली, “आबुंग.”

कोरकूत ‘आपण’ वेगळं आणि ‘आम्ही’ वेगळं. ऐकणाऱ्याला धरून बोलायचं तर आबुंग, त्याला बाहेर ठेवून बोलायचं तर आले. मी सभेत मोठ्या आवाजात सांगितलं होतं की रविवारी सकाळी आम्ही भिंत बांधणार आहोत. आम्ही, म्हणजे आम्ही शाळेची माणसं. तुम्ही नाही. गावाने ते नीट ऐकलं होतं आणि नीट समजून घेतलं होतं. एका म्हाताऱ्याने नंतर सांगितलं, “सरकारने तुम्हाला पैसे दिले असतील, असं वाटलं.”

चूक कुठे झाली ते मी शोधून काढलं. माझ्या वहीच्या पहिल्याच पानावर लिहिलं होतं: ‘हम = आले’. आल्या आल्या दुकानदाराला मी हिंदीतून विचारलं होतं, ‘हम’ला काय म्हणता? तो माझ्याशी बोलत होता आणि मी त्याच्यातला नव्हतो, त्यामुळे त्याने बरोबर उत्तर दिलं होतं. मराठीत ‘आले’ हा आपला रोजचाच शब्द, म्हणून तो जिभेवर चटकन बसलाही. हिंदीच्या ‘हम’ला हा भेद माहीत नाही. माझ्या मातृभाषेला मात्र माहीत आहे. ‘आपण जेवू या’ आणि ‘आम्ही जेवतो’ यांतला फरक मला माणदेशात कुणी शिकवला नव्हता, आईच्या बोलण्यातून आला होता. तोच भेद माझ्या भाषेत आणि त्या मुलांच्या भाषेत जसाच्या तसा उभा होता, आणि मधे हिंदीचा पूल टाकून मी तो बुजवून टाकला होता. वर्गातही मी तेच करत होतो. मराठीतला धडा हिंदीतून समजावायचो. ‘आपण’ आणि ‘आम्ही’ची मुलं सरमिसळ करायची आणि मी वहीत लाल शेरे मारायचो. त्या सोमवारी फळ्यावर फक्त दोन ओळी लिहिल्या: आपण–आबुंग, आम्ही–आले. तो घोळ त्या आठवड्यात मिटला.

पहिल्या दोन वर्षांतली माझी निरीक्षणवही अजून माझ्याजवळ आहे. तिच्यात मुलांच्या नावांपुढे ‘प्रतिसाद नाही’, ‘बुजरा’, ‘अबोल’ हे शब्द किती वेळा आलेत ते वाचताना आजही मान खाली जाते. आणि एक नोंद आहे: ‘पहिलीचा वर्ग वाचनाच्या वेळी विनाकारण हसतो, शिस्त नाही.’ त्या दिवशी मी वाचत होतो, काकू स्वयंपाक करते. मुलं हसली. मी पुन्हा वाचलं. मुलं पोट धरून हसली. मी दोघांना कोपऱ्यात उभं केलं. काकू म्हणजे कोरकूत मासा, हे मला दीड वर्षाने नदीकाठी कळलं, गळाला लागलेला मासा दाखवत त्या दोघांतलंच एक पोर ओरडलं तेव्हा. चुलीपुढे बसून भाकरी थापणारा मासा सहा वर्षांच्या मुलाच्या डोळ्यांसमोर उभा राहिला तर त्याने हसू नये तर काय करावं? मुलं वाक्य समजून घेत होती. त्यांच्याजवळ होती ती भाषा वापरून मराठी वाक्याचा अर्थ लावत होती. वाचनाचा पाठ त्या दिवशी खरं तर फार चांगला चालला होता.

मला हे लागलं त्याला आणखी एक कारण आहे. चौथीत असताना मी ‘न्हाई’ म्हटलं की आमचे मास्तर ‘नाही’ होईपर्यंत बाकावर उभं करत. तेव्हाचा तो जळजळीत अपमान मी विसरलो नव्हतो, तरीही माझ्या हातून तेच झालं.

मग आम्ही शब्दवही सुरू केली. दोरीने टांगलेलं जाडजूड रजिस्टर. पानावर तीन रकाने: कोरकू, हिंदी, मराठी. शब्द मुलांनी आणायचे, लिहायचे मी किंवा मोठ्या मुलांनी. डा म्हणजे पाणी, उरा म्हणजे घर, सिम म्हणजे कोंबडी, बाना म्हणजे अस्वल. आमच्या भागातल्या सिपना नदीचं नाव सागाच्या झाडावरून पडलंय, हे मुलांनीच मला सांगितलं. ती वही हे काही शैक्षणिक साधन नव्हतं. ती वाद घालायची जागा होती. एकाच गोष्टीला वरच्या पाड्यावर वेगळा शब्द आणि खालच्या पाड्यावर वेगळा, यावरून मुलं तासन्‌तास भांडत. भांडण मराठीत लिहून काढा म्हटलं की लिहीत. निबंध म्हटल्यावर दोन ओळींवर थांबणारी मुलं भांडण लिहिताना पान उलटत.

वचनांचा पाठ मी कधीच विसरणार नाही. एकवचन, अनेकवचन. फळ्यावर लिहिलं: एक वाघ, दोन वाघ, पाच वाघ. तिसरीतला एक मुलगा बराच वेळ फळ्याकडे बघत राहिला. मग म्हणाला, “गुरुजी, वाघाला काहीच नाही झालं.” खरंच होतं. मराठीत वाघ कितीही वाढले तरी शब्द तोच. मी विचारलं, तुमच्यात काय म्हणतात? एक असेल तर कूला. पुष्कळ असतील तर कूलाकू. आणि दोन असतील तर, माझ्या कानाला ऐकू आलं ते असं, कूलाकिञ. दोघांसाठी वेगळा प्रत्यय! आठवीत मी ‘देवः देवौ देवाः’ पाठ केलं होतं आणि द्विवचन असलेली भाषा म्हणून संस्कृतबद्दल मनात मोठा दबदबा बाळगून होतो. ही पोरं ते द्विवचन गाई राखताना बोलत होती. ‘कोरकू’ या नावातला ‘कू’सुद्धा तोच, अनेकवचनाचा. कोरो म्हणजे माणूस, त्यावरून कोरकू म्हणजे माणसं. त्या मुलाचा पुढचा प्रश्न असा होता: “मग जंगलातून कुणी ‘वाघ’ म्हणून ओरडला, तर मराठी माणसाला कळणार कसं, किती आहेत ते?” व्याघ्र प्रकल्पाच्या कडेला राहणाऱ्या मुलाचा हा प्रश्न व्याकरणाच्या कुठल्याही पुस्तकातल्या स्वाध्यायापेक्षा खोल होता. त्या तासाला आम्ही उत्तर शोधलं. मराठी क्रियापदाकडे बघते: वाघ आला, वाघ आले. शब्दात नाही तर क्रियापदात संख्या लपते, हे त्या वर्गाने स्वतः शोधून काढलं. शिकवून मला जमलं नसतं.

गणितात असं झटपट काही घडलं नाही. दहापर्यंतचे आकडे मुलांना घरचे येत: मिया, बारिया, आफई, उफुन, मोनोई, तुरुई, येई, इलार, आरेई, गेल. दहाच्या पुढे ती सरळ हिंदीवर जात, कारण बाजारात तसंच ऐकलेलं. पुढे आपली मराठी: एकोणतीस, त्रेचाळीस, सत्त्याऐंशी, प्रत्येक शब्द वेगळा गिळायचा. २०१९च्या जूनमध्ये दुसरीच्या नव्या गणिताच्या पुस्तकात ‘वीस एक, वीस दोन’ अशी संख्यावाचनाची पद्धत आली आणि राज्यभर गदारोळ झाला. विषय विधिमंडळात गेला, वर्तमानपत्रांत टिंगल झाली. गणित समितीच्या अध्यक्ष मंगला नारळीकर शांतपणे सांगत होत्या की जोडाक्षरं आणि उलटा क्रम लहान मुलांना अडतो. मी ते वाचत होतो तेव्हा माझ्यासमोर तीन वर्षं ‘त्रेसष्ट’ आणि ‘छत्तीस’मध्ये अडकलेली मुलं होती. संख्या त्यांना कळत होती, काड्यांचे गठ्ठे बरोबर पडत होते, नाव घेताना मात्र मुलं कोसळत होती. मी ‘साठ तीन’ने शिकवलं आणि ‘त्रेसष्ट’ नंतर चढवलं. ज्यांच्या घरात मराठी आकडे पाळण्यापासून कानावर पडतात त्यांना हे पोरकट वाटलं असेल. त्या वादात ही मुलं कुणाच्या डोळ्यांसमोर होती, हा प्रश्न मला अजून छळतो.

दिवाळीनंतर वर्ग निम्मा व्हायचा. आईवडील कापूस वेचायला, हरभरा काढायला खाली मैदानी भागात जात, मुलं बरोबर. होळीला गाव परत भरायचं. होळी हा तिथला सगळ्यात मोठा सण, फगवा मागत फिरणाऱ्या पोरांत माझे बरेचसे गैरहजर विद्यार्थी मला एकदम भेटायचे. हजेरीपटावर ते ‘सतत गैरहजर’ होते. वेचलेल्या कापसाचं वजन, किलोचा भाव आणि उचल वजा जाता हाती येणारी मजुरी हा हिशेब मात्र ते पक्का करून आलेले असत. मी मोठे धडे दिवाळीपूर्वी आणि होळीनंतर लावले. एवढं साधं सुचायला चार वर्षं गेली.

आता एका चुकीबद्दल, कारण ती सांगितल्याशिवाय हे सगळं फार गोड वाटेल.

मुलांच्या घरचं ते वर्गात आणायचं, या उत्साहात मी एकदा वाहवत गेलो. तिथे मेलेल्यांच्या स्मरणार्थ लाकडी मुंडे उभारतात. सागाचा जाड फळा, त्यावर चंद्र, सूर्य, घोडेस्वार कोरलेले. कोरीवकाम पाहून मी हरखलो. चित्रकलेच्या तासाला मुलांना घेऊन गेलो, कागद लावून पेन्सिल घासायला सांगितली आणि ते ठसे वर्गात भिंतीवर लावले. तिसऱ्या दिवशी एक आजोबा आले. रागावले नाहीत. भिंतीसमोर बराच वेळ उभे राहिले. मग एका कागदावर बोट ठेवून म्हणाले, “हा माझा भाऊ आहे. इथे मुलं डबा खातात.” बस, एवढंच. मी सगळे कागद काढले आणि त्यांच्या भावाचा कागद त्यांच्या हातात दिला. त्यांनी तो घडी घालून बंडीच्या खिशात ठेवला. त्यानंतर एखादी गोष्ट वर्गात आणण्याआधी मी घरी जाऊन विचारायला लागलो. काही वेळा नाही म्हणत, काही वेळा म्हणत “मोठी झाल्यावर कळेल.” दोन्ही उत्तरं मी मान्य केली.

म्हणूनच ९ ऑगस्टच्या आदिवासी दिनाला किंवा गॅदरिंगला मुलांना पिसं बांधून नाचवण्याचा जो प्रकार चालतो, त्याच्यावर माझा आक्षेप आहे. नाचाला विरोध नाही, ती मुलं सुरेख नाचतात. पण वर्षातले उरलेले दिवस ज्यांच्या भाषेत एक प्रश्नही विचारायचा नाही, त्यांना एक दिवस पाहुण्यांसमोर उभं करून ‘संस्कृती’ म्हणायचं, हे मला पटत नाही. पंचमीला नातेवाईक येणार, म्हणून तेवढ्यापुरतं घर सारवावं, तसं ते होतं.

शब्दवहीला चौथा रकाना पडला तो एका गवळ्याच्या मुलाच्या बोलीसाठी. कोरकू मुलं खुलली, बोलायला लागली, आणि हा मात्र गप्प होत गेला. आधी वर्गात तोच पुढे असायचा, कारण त्याच्या घरची बोली हिंदी-मराठीला जवळची. एकदा विचारलं, तर म्हणाला, “आता मलाच काही येत नाही.” माझ्या हे लक्षातच आलं नव्हतं. एका वर्गात एक संस्कृती असते असं मी गृहीत धरलं होतं. चिखलदऱ्याकडचे गवळी म्हशी पाळतात, खवा करतात. प्रमाणाचा धडा आला तेव्हा मी त्याला फळ्याशी बोलावलं. पाच लिटर दुधाला साधारण एक किलो खवा, हे त्याला पाठ होतं. त्यापुढे तो जे बोलला ते पुस्तकात नव्हतं. म्हैस नुकती व्यालेली असली तर कमी पडतो, पाणी मिसळलेलं दूध आटवायला लाकूड जास्त जळतं, मग खव्याचा भाव परवडत नाही. अर्धा तास त्याने शिकवलं. शेवटी कोरकू मुलीने विचारलं, “मग बारा लिटरला किती?” दोन किलो आणि वर चारशे ग्रॅम, तो म्हणाला, आणि स्वतःहून खडू घेऊन मांडून दाखवलं.

सगळ्यांत कठीण प्रश्न मला एका बापाने विचारला. तो स्वतः सातवी शिकलेला, वनखात्यात रोजंदारीवर. शाळेत आला आणि म्हणाला, “गुरुजी, कोरकू आम्ही घरी शिकवतो. तुम्ही मराठी शिकवा. मला कागद वाचता येत नव्हता म्हणून काय काय गेलं ते मला माहीत आहे.” या माणसाला कलमं सांगून उपयोग नव्हता. संविधानातलं मातृभाषेतून प्राथमिक शिक्षणाचं १९५६ सालचं कलम ३५०-क, शिक्षण हक्क कायद्यातलं मातृभाषेचं वाक्य, हे मी तपासणीला आलेल्या एका साहेबांना ऐकवलं होतं, तिथे ते उपयोगी पडलं. इथे नाही. मी त्याला वर्गात बसवलं. त्या दिवशी चौथीची मुलं रेशन दुकानदाराला मराठीत अर्ज लिहीत होती. आधी कोरकूत मुद्दे बोलून घेतले, मग वहीतून शब्द काढले, मग लिहिलं. त्याच्या मुलाचा अर्ज त्याने दोनदा वाचला. एका शब्दाचं ऱ्हस्व-दीर्घ चुकलं होतं ते त्याने स्वतः दाखवलं. मग म्हणाला, “ठीक आहे. पण अर्ज रोज लिहून घ्या.” त्याचं बरोबर होतं. त्यानंतर आम्ही अर्ज, पावत्या, दवाखान्याचे केसपेपर असे कागद जास्त वाचायला लागलो. घरची भाषा वर्गात घेतली म्हणून मराठीचा आग्रह सैल करायचा, ही सवलत त्या मुलांना परवडणारी नाही.

डी.एड.ला बालशिक्षणाचं काम केलेल्या ताराबाई मोडक आणि अनुताई वाघ यांच्यावर पाच गुणांचा प्रश्न यायचा. १९४५ बोर्डी, १९५७ कोसबाड, मुलं बालवाडीत येत नाहीत म्हणून बालवाडीच मुलांच्या अंगणात नेली, बिया, शिंपले, दगड यांची साधनं. उत्तर मी पाठ केलं होतं आणि गुणही मिळवले होते. मुंड्याचा कागद घडी घालणारे आजोबा पाहिल्यानंतर मला कळलं की दुसऱ्याच्या अंगणात बसायचं तर आधी विचारून बसावं लागतं, आणि त्या दोघी कोसबाडच्या टेकडीवर इतकी वर्षं का राहिल्या असतील.

शाळेची ती कोसळलेली भिंत मात्र त्या फसलेल्या रविवारच्या पुढच्याच रविवारी झाली. मी घरोघरी गेलो, या वेळी आबुंग म्हणत. पहिल्या घरातल्या बाईने मला मधेच थांबवून ‘आबुंग’ तीनदा म्हणायला लावलं. पस्तीस माणसं आली.

२०२२ साली आंतरजिल्हा बदलीत मी पुणे जिल्ह्यात आलो. शब्दवही तिथेच ठेवली, ती त्या वर्गाची होती. आता माझी शाळा कारखान्यांच्या पट्ट्यात आहे. वर्गात मराठवाड्यातली मुलं आहेत, बिहारची आहेत, उत्तर प्रदेशची आहेत. पहिल्या महिन्यात ‘आपण’ आणि ‘आम्ही’वर गाडी पुन्हा अडली. एका मुलाने वहीत लिहिलं होतं, ‘गुरुजी, काल आपण गावी गेलो होतो.’ मी लाल पेन उचलला होता, तो खाली ठेवला आणि त्याला जवळ बोलावलं. विचारलं, “तुझी आई घरी ‘हम लोग’ असंच म्हणते का रे?”

त्याने मान हलवली. मग इकडेतिकडे पाहून, कुणी हसणार नाही याची खात्री करून घेत म्हणाला, “नाही. हमनी म्हणते.”

मी कपाटातून कोरं रजिस्टर काढलं आणि त्याला पट्टी देऊन म्हटलं, रकाने आख.